पहिला टोला

मी समुद्र बघत नाही.
भाऊचा धक्का ते मोरा, मोरा ते भाऊचा धक्का,
दिवसातून सहा वेळा,
पण मला विचाराल तर पाणी म्हणजे
तळव्यांखालच्या फळ्यांना सुटलेली खाज.
डोक्याशी एक पितळी घंटा.
तिची दोरी वर, तांडेलाच्या हातात.

एक टोला : पुढे.
दोन : थांब.
तीन : मागे.
कुणी ठरवलं, ठाऊक नाही.
माझ्या आधी बाबल्या होता, त्याच्या आधी कोणी दाढीवाला,
सगळे याच हिशेबात बहिरे झाले.

आता बघा,
‘थांब’ ऐकायचं तर आधी ‘पुढे’ ऐकावं लागतं.
म्हणून टोला पडला की
गिअरवर हात ठेवून मी अर्धा श्वास धरतो :
दुसरा येतोय का?
मला पगार मिळतो तो या अर्ध्या श्वासाचा.
बाकीचं इंजिन करतं.

हरेश्वर तांडेलाचे दोन टोले
एकाच दाराच्या दोन कड्यांसारखे वाजायचे.
एकवीस वर्षं.
मग त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला
आणि दोरीला मेघश्याम आला.
चांगला पोरगा. पाणी वाचतो.
फक्त ओढण्याआधी विचार करतो.

ओहोटी होती. धक्क्याच्या खालच्या पायऱ्या
शेवाळासकट उघड्या.
कुठलीशी होडी आडवी आली म्हणे.
मी कुठे बघतो.
मला आला, एक.
अर्धा श्वास.
हाताने ते केलं जे एकाला करायचं असतं.

दुसरा टोला आला तोवर
टायर, कठडा आणि कुणाच्या तरी बोंबलांची पाटी
आपापला आवाज करून मोकळी झाली होती.

‘किती टोले ऐकलेस?’ ऑफिसात साहेबाने विचारलं.
एक.
‘मग काय केलंस?’
पुढे.
‘म्हणजे तुझी चूक नाही.’
नाही साहेब.
‘मेघश्यामची?’
त्याने दोनच दिले. उशिरा दिले.
‘मग?’
साहेब, घाबरलेला माणूस दोरी एकदाच ओढतो.
ओढतो आणि धरून ठेवतो. सोडायचं विसरतो.
त्याला दोन मोजायला लावू नका.

साहेबाने पेनाला टोपण लावलं.

आता घंटेखाली पिवळ्या रंगात लिहिलंय,
एक : थांब. दोन : पुढे.
डोक्याला ते एका दुपारीत कळलं.
हात मात्र महिनाभर जुन्याच गावी राहत होता.
टोला पडायचा, उजवा हात पुढे सुटायचा,
डावा त्याला मनगटाला धरून मागे ओढायचा,
रस्त्यात धावलेल्या पोराला धरतात तसा.
वर कुणाला काही कळलं नाही.

घरी आमचा वेगळा कायदा.
इंजिनापुढे फोन ऐकू येत नाही,
मांडीला कळतो.
प्रणिताची रात्रपाळी असली की चांगुणा मिस्ड कॉल देते.
एक : पोचली, सगळं ठीक.
दोन : असशील तसा ये.

तिला म्हटलं, हेही उलटं करू या.
वाईट असेल तर एक, बरं असेल तर दोन.
मासळी निवडता निवडता ती म्हणाली,
‘बरं असलेल्या माणसानं दोनदा का सांगावं?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
अजून नाही.

काल शेवटची फेरी, धक्का जवळ आलेला.
मांडीशी फोन थरथरला, बंद झाला.
त्याच घटकेला डोक्यावर
एक.
हाताने बरोबर केलं,
लाँच थांबली, टायरला जेमतेम टेकून.
माणसं उतरू लागली, त्यांच्या चपला वरून चालत गेल्या.

मी खालीच बसून राहिलो,
मांडीवर हात ठेवून,
अर्धा श्वास,
मग उरलेला अर्धा,
मग पुढचा.